आवाज माझा, चेहरा रश्मीचा

माझं तेव्हा वजन किती होतं आणि कंबर किती होती, हे मी या प्रकरणात लिहिणार नाही. माझ्या भाचीने ही पानं वाचायला घेतली आणि पहिला प्रश्न तोच विचारला, म्हणून आधीच सांगून टाकते. ते आकडे त्या दिवसांत इतक्या लोकांनी मोजले आणि मला ऐकवले की आता ते कुणाच्या हाती द्यायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. मी अंगाने भरलेली होते, रंगाने सावळी होते, आणि आमच्या घरातल्या सगळ्या बायका थोड्याफार फरकाने तशाच होत्या, एवढं पुरे. आईचे दंड असे होते की परातभर कणीक ती बोलता बोलता तिंबायची आणि तिचा श्वाससुद्धा वाढायचा नाही. आत्या नागपूरहून आली की दोघी मिळून गादी उचलून गच्चीवर नेत. घरात कुणी कुणाला जाड म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘अंगाने चांगली आहे’ असं म्हणत, आणि ते कौतुक असे.

नर्मदेकाठच्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरून दुकानांच्या मागे वळलं की आमचं भाड्याचं घर होतं. बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते, पत्रा ठोकायच्या विभागात. आयुष्यभर त्या ठोकाठोकीत उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. आई स्वयंपाकघरातून ‘अहो, जेवून घ्या ना’ म्हणायची ते चौथ्या घरापर्यंत जायचं. नवीन भाडेकरू आला की पहिले काही दिवस त्याला वाटायचं, मराठी लोकांचं भांडण सुरू आहे. सकाळी फॅक्टरीचा भोंगा, मग आमचा कुकर, मग आईचा आवाज, असा आमचा दिवस उजाडे. रविवारी बाबा पिशवीतून गरम जिलेबी आणत आणि आई पोह्यांवर शेव पसरून ठेवी. थंडीत सांबारवडी व्हायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्याच्या लोकांना आजही सांगावं लागतं. पाटवडीचा रस्सा असा तिखट की नाक पुसत पुसत जेवायचं आणि तरी वाटी पुढे करायची. आई वाढताना ताटाकडे बघायची नाही, तोंडाकडे बघायची. आपण किती खाल्लं ते तिला चेहऱ्यावरून कळायचं.

बाबा संध्याकाळी फॅक्टरीतून आले की चहा घेऊन खुर्चीत बसत आणि मी त्यांना हिंदी वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्यांना वाचता येत होतं, चांगलं येत होतं, पण दिवसभर नुसता गोंगाट ऐकलेल्या माणसाला एखादा तरी सरळ मानवी आवाज ऐकायचा असावा. मी शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं की ते हात वर करत. ‘खाल्लं. पुन्हा वाच.’ मंद कानांना शब्दाचं टोक आधी हरवतं, म्हणून मी प्रत्येक शब्द टोकापर्यंत न्यायला शिकले. वाक्य संपेपर्यंत दम पुरवायला शिकले. पुढे लोकांनी विचारलं की आवाजाची साधना कुणाकडे केली, तेव्हा मी पत्रा ठोकणाऱ्या विभागाचं नाव सांगितलं आणि त्यांना तो विनोद वाटला.

मग गच्च्यांवरून केबलची वायर आली. आमच्या गल्लीत ती आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तोवर टीव्हीवर साडी नेसून बातम्या देणाऱ्या बायका आमच्या मावश्यांसारख्याच दिसत. आता दिवसभर दुसऱ्याच मुली दिसू लागल्या. लांब हातापायांच्या, पोट पाठीला लागलेल्या, मुकुट घालून रडणाऱ्या. जाहिरातीतली सावळी मुलगी उदास बसायची, क्रीम लावून गोरी झाली की तिला नोकरी मिळायची, नवरा मिळायचा, बापाच्या डोळ्यांत पाणी यायचं. कॉलेजात डब्यातून पोळी-भाजी गेली आणि काकडी आली. ओमतीच्या बाजारात एकापाठोपाठ ब्यूटी पार्लर उघडली. ज्या मुलींबरोबर मी मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, खायला जायची, त्या मंगोड्याच्या गाडीवरून जाताना मान फिरवू लागल्या. हे सगळं आपोआप झालं असं तेव्हा वाटे. आता कळतं की ते आम्हाला विकलं गेलं होतं, आणि विकणाऱ्याला आमच्या उदास राहण्यातच फायदा होता.

आमच्या भागातली केबल ज्यांची होती त्यांना सगळे भैयाजी म्हणत. ओमतीत एका दुकानावरच्या दोन खोल्यांमधून ते रोज संध्याकाळी शहराच्या बातम्या द्यायचे. दुपारी चित्रीकरण व्हायचं आणि दिवेलागणीला ते घराघरांत दिसायचं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला ते पाहुणे म्हणून आले, मला ऐकलं आणि बोलावून घेतलं. आईने तिची निळी साडी काढून दिली. एक अख्खा पावसाळा मी बातम्या वाचल्या. पाणी कुठे भरलं, कुठली शाळा बंद, घाटावर नर्मदा किती चढली. बाबा टीव्हीला नाक लावून बसत आणि आवाज एवढा वाढवत की गल्लीतल्या बाकीच्यांना आपला टीव्ही लावायची गरजच पडत नसे.

पावसाळा सरता सरता भैयाजींनी मला बसवलं, समोसा मागवला आणि सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. ‘आवाज़ तो भगवान ने दी है बिटिया,’ ते म्हणाले, ‘पर लोग टीवी देखते हैं.’ जाहिरात देणाऱ्या साडीवाल्यांचं म्हणणं होतं की बातम्या देणारी मुलगी बघून बायकांना साडी घ्यावीशी वाटली पाहिजे. मी थोडी बारीक झाले की पुन्हा बघू, तोवर दुसरी मुलगी बसेल. पण आवाज माझाच हवा होता. तो समोसा मी तसाच टेबलावर ठेवला. माझं न खाणं तिथून सुरू झालं.

दुसरी मुलगी म्हणजे रश्मी. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात राहणारी, एका सरकारी अधिकाऱ्याची लेक. गोरी, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. तिचा आवाज इतका बारीक होता की खोलीत पंखा सुरू असला तर ऐकू येत नसे, आणि जोडाक्षर आलं की ती अडखळे. म्हणून भैयाजींनी एक हिरवा पडदा लावला. पडद्यापुढे टेबलाशी रश्मी बसायची आणि नुसते ओठ हलवायची. पडद्यामागे स्टुलावर मी बसायची आणि वाचायची. आधी तालीम करून मी कुठे थांबते ते ती पाठ करून घ्यायची. पहिल्या दिवशी घरी ते दिसलं तेव्हा बाबा गोंधळले. कान मंद झालेला माणूस ओठांवरूनही वाचत असतो. त्यांनी मागे वळून मला विचारलं, ‘तुझा आवाज त्या पोरीच्या तोंडात काहून येऊन राहिला?’ मी काहीतरी सांगितलं. आईने उठून टीव्ही बंद केला.

मला पडद्यापुढे यायचं होतं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री ‘मैत्रिणीकडे जेवून आले’. पार्लरवाल्या दीदीने कागदाची चिठ्ठीसुद्धा नसलेल्या बाटलीतून कॅप्सूल दिल्या. त्या घेतल्या की भूक मरायची आणि छातीत धडधड सुरू व्हायची. हात गार पडायचे. फणीत केसांचे पुंजके यायचे, ते मी कागदात गुंडाळून बाहेर नेऊन टाकायची. पाळी बंद झाली आणि मला त्याची सोयच वाटली. आईच्या फोडणीचा वास आला की पोटात कळ यायची आणि मी गच्चीवर जाऊन बसायची. या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग ज्याचा येतो ते म्हणजे कौतुक. मी आजारी पडत होते आणि माझं इतकं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं. शेजारणी थांबवून विचारत, काय करतेस. प्राध्यापक बाई म्हणाल्या, आता कशी स्मार्ट दिसतेस. नागपूरहून आलेल्या आत्याने, जी गादी उचलायची त्याच आत्याने, माझ्या हनुवटीला हात लावून म्हटलं की आता स्थळं येतील. आईने तेवढं कौतुक केलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत वाढत राहिली आणि एक दिवस म्हणाली, ‘काहून खाऊन नाही राहिली तू? माझ्या हातात काही बिघडलं का?’ मी म्हटलं, नाही गं, भूक नाही. तिने झाकण ठेवलं आणि माझी भाजी सकाळपर्यंत तशीच ठेवली.

संध्याकाळचं वाचन मात्र चालूच होतं. बाबा म्हणत, ‘मोठ्याने वाच ना बाई.’ मी मोठ्याने वाचायची. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग कानामागे हात धरू लागले. आणि नंतर त्यांनी हात वर करणंच सोडलं. मी शेवटची अक्षरं गाळत असणार, पण ते नुसती मान हलवत, ‘हो, हो, पुढे वाच’ म्हणत. मला वाटलं, थकले आहेत.

एका दुपारी ते भोंग्याआधीच घरी आले. दारातल्या पायरीवर बसून बूट काढू लागले आणि काढता काढता थांबले. आईने विचारलं तेव्हा कळलं की ते फॅक्टरीच्या दवाखान्यात कान दाखवायला गेले होते. कित्येक दिवस त्यांची खात्री झाली होती की आपण आता ठार बहिरे होणार. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. घरातला एक आवाज त्यांना नीट ऐकू यायचा, तोही विझत चालला म्हणून ते रोज संध्याकाळी घाबरत होते आणि मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवत होते.

‘कान होते तसेच आहेत म्हणे,’ बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. ‘काहीच फरक नाही. मग तुझाच आवाज येऊन नाही राहिला, वसू.’

मी काल आलेलं वर्तमानपत्र उचललं आणि त्यांना दाखवायला म्हणून वाचू लागले. पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं. मी पुन्हा सुरुवात केली. ते पुन्हा तुटलं. छातीत हवा भरायची आणि ती धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं. बाबांनी हात वर केला नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आमच्या घरात कधी कुणी बोललं नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाली, ‘चल. चप्पल घाल.’

जवळच एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नाडी धरली, छाती तपासली, पापणी ओढून बघितली. पाळी कधीपासून नाही विचारलं. मी बोटांवर महिने मोजू लागले. आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या की तू खुर्चीत बसली आहेस आणि तुझं हृदय जिना चढून राहिलं आहे, असं किती दिवस चढेल? अंगाला अन्न मिळालं नाही की ते स्नायू खातं, आणि आवाज त्याच स्नायूंवर उभा असतो. कॅप्सूलची बाटली त्यांनी ठेवून घेतली. घरी येताना आई रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली आणि रडली नाही. मीही रडले नाही. मला संताप आला होता. भैयाजींवर, साडीवाल्यांवर, मुकुट घालून रडणाऱ्या मुलींवर, आणि बाबा इतके दिवस विनाकारण घाबरले यावर तर सगळ्यात जास्त. त्या संध्याकाळी आईने मुगाची मऊ खिचडी केली. चार घास गेले. ते चार घास मी कुणाच्या तरी नाकावर टिच्चून खाल्ले.

सगळं एकदम ठीक झालं नाही. केस परत यायला फार दिवस लागले. पोट भरलं की भीती वाटायची आणि भीती वाटली की मी बाबांना वाचून दाखवायला बसायची. आवाज सगळ्यांत आधी परतला. हिरव्या पडद्यामागेही मी जात राहिले, कारण ते काम माझं होतं आणि ते सोडून द्यायला मी तयार नव्हते. पण आता मी डबा घेऊन जायची, आणि चित्रीकरणाआधी तिथेच स्टुलावर बसून जेवायची. एक दिवस रश्मी पडद्यामागे आली आणि माझ्या डब्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा जवळून नीट पाहिलं. भर उन्हाचे दिवस असताना तिच्या अंगात स्वेटर होता. नखं निळसर. दंडावर बारीक लव आली होती. तिनेही त्याच पार्लरवाल्या दीदीकडून तीच बाटली घेतली होती. भैयाजींनी तिला सांगितलं होतं की कॅमेऱ्यात तिचे गाल भरलेले दिसतात.

मला आधी हसू आलं आणि मग येईना. रश्मीने मला सांगितलं की तिला पडद्यामागच्या माझा हेवा वाटायचा. ‘तुम्हें कोई देखता नहीं,’ ती म्हणाली. ‘तुम खा सकती हो.’ मी भाकरीचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि परत डब्यात ठेवला. मी आग्रह केला नाही. मला तो तुकडा माहीत होता.

दसऱ्याला आमच्या शहरात देवीच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते, तिला चल समारोह म्हणतात. त्या वर्षी भैयाजींनी ती थेट दाखवायचं ठरवलं. ओमतीतल्या एका गच्चीवर कॅमेरा लावला. रश्मी कठड्याशी उभी राहणार, हातात बंद माइक. मी तिच्या पायाशी कठड्याआड खाली बसणार, हातात चालू माइक आणि मूर्तींच्या क्रमाचा कागद. ऊन उतरलं, ढोल वाजू लागले, आम्ही सुरुवात केली. थोड्याच वेळात रस्त्यावर क्रम बदलला. मी कागदावर बघून एका मंडळाच्या देवीचं वर्णन करत होते आणि खालून भलतीच मूर्ती जात होती. रश्मी ओठ हलवता हलवता बुटाच्या टोकाने मला खुणावत होती. मला काहीच दिसत नव्हतं. सगळं शहर बघत असलेली मिरवणूक मला, तिचं वर्णन करणाऱ्या बाईला, सोडून सगळ्यांना दिसत होती.

मी उभी राहिले.

कॅमेरावाल्याने हाताने खाली बस अशी खूण केली. भैयाजी त्याच्या मागे होते, तेही खुणा करू लागले. रश्मीने माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले, आणि एक पाऊल बाजूला सरकून मला जागा करून दिली. तिचा गार हात तिने माझ्या हातात दिला. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, ‘नमस्कार. जो आवाज़ आप रोज़ सुनते हैं, वह मेरी है. मेरा नाम वसुंधरा है. ये रश्मि हैं. आज हम दोनों यहां खड़े हैं.’ कॅमेरा घाईने रस्त्याकडे वळला. मला त्याची गरज नव्हती. समोर देवी येत होती, अठरा हातांची, भरल्या अंगाची, दंडावर बाजूबंद रुतलेले. मी जे पाहिलं ते सांगितलं. काही वेळाने कॅमेरा परत आमच्याकडे आला, कारण खाली रस्त्यावरचे लोक मान वर करून गच्चीकडे बघत होते. मिरवणुकीतली शेवटची मूर्ती जाईपर्यंत मी बोलले. दम एकदाही तुटला नाही.

भैयाजी रागावले, पण ओरडले नाहीत. म्हणाले, दुकानदारांना आता मी काय सांगू. मी म्हटलं, ‘पर्दा आप रख लीजिए भैयाजी. उसके पीछे मैं नहीं बैठूंगी.’ त्यांनी दोघींनाही काढलं. पुढच्या आठवड्यात टेबलाशी तिसरीच मुलगी होती, बारीक आणि बोलकी. तिला काय सांगितलं गेलं ते मला माहीत नाही. आमचं जिंकणं एवढंच होतं, आणि ते कमी होतं असं मला आजही वाटत नाही. अधारतालच्या बाजारात भाजीवाल्या बायका मला आवाजावरून ओळखत होत्या, त्या आता तोंडावरून ओळखू लागल्या. पुढे मी रेडिओवर गेले, मग कॉलेजात शिकवलं, आणि आता पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. रश्मीला बरं व्हायला वर्षं लागली. तिचे आईवडील आधी मानायलाच तयार नव्हते की सुंदर दिसणारी मुलगी आजारी असू शकते. पन्नाशीच्या आत तिचं हाड बाथरूममध्ये नुसतं घसरून मोडलं. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा तिने त्या बाटलीपासून सगळं सांगितलं.

आता भाची मला तिचा फोन दाखवते. त्यात बोटाने गाल आत ढकलता येतात, नाक बारीक करता येतं. माझ्या वेळी पडदा ओमतीच्या दोन खोल्यांमध्ये होता, हिच्या वेळी तो तिच्याच खिशात आहे. मी तिला उपदेश करत नाही, ही पानं तेवढी वाचायला दिली आहेत. मागल्या वर्षी माझ्या वाचनाची जाहिरात करायला एका कंपनीने माझा फोटो मागवला आणि बनवून पाठवला, तर त्यात माझी दुसरी हनुवटी नव्हती आणि रंग गव्हाळ झाला होता. मी कळवलं की जिचा फोटो आहे तिच्याकडूनच वाचून घ्या, माझ्याकडून हवं असेल तर मला जशी आहे तशी छापा. त्यांनी समजावलं, मी ऐकलं नाही, आणि माझी हनुवटी परत आली.

जाहिरात लागली त्या सकाळी रश्मीचा इंदूरहून फोन आला. म्हणाली, ‘दोनों ठुड्डियां आई हैं. बढ़िया.’ मी तिला विचारलं, नाश्ता झाला का. पोहे केलेत, ती म्हणाली, वर शेव घालून. मग पलीकडे भांड्यात डाव वाजला, आणि ती सहज म्हणाली, ‘रुको ज़रा, दूसरी बार ले रही हूं.’